रद्दी कागदाचे हलके ठोकळे: पडदीसाठी प्रमाण काय घ्यावं आणि पत्र्याखाली छत म्हणून चालतील का?

अंबाजोगाईकर

नमस्कार मंडळी. स्लॅबवर २० बाय २२ फुटांची एक खोली आहे, वर पत्रा. तिचे दोन भाग करायचे आहेत. पडदी २२ फूट लांब, ९ फूट उंच आणि ४ इंच जाड हवी. त्या रेषेत खाली बीम नाही, म्हणून गवंडी विटेची भिंत घ्यायला तयार नाही. वर्तमानपत्रांची रद्दी आणि दुकानांतले पुठ्ठ्याचे खोके इथे हवे तेवढे मिळतात, त्यामुळे कागदाचा लगदा आणि सिमेंट यांचे ठोकळे करावेत असं ठरवलं आहे.

चाचणीचा घाणा असा होता: पिळलेला लगदा ४ घमेली (निम्मी रद्दी, निम्मे खोके, पाच दिवस भिजवलेले), पीपीसी सिमेंट १ घमेलं, क्रश सँड १ घमेलं. लोखंडी साच्यात भरून गाडीच्या जॅकने दाबलं. राखाडी पाणी बरंच बाहेर आलं आणि ठोकळा सुबक निघाला. तीन आठवड्यांनी पाहिलं तर ४ इंचांचा सव्वातीन इंच झालाय. कडा टणक आहेत, पण मधे नख रुततं. एका बाजूने लांब भेग आहे, खालच्या अंगाला काळे-हिरवे ठिपके आहेत आणि कुबट वास येतो.

कुठे चुकतंय? वजनी प्रमाण काय घ्यावं? आणि याच मालाचे पातळ तक्ते करून पत्र्याखाली छत म्हणून लावले तर उन्हाळ्यात फरक पडेल का?

---

रद्दी_ते_वीट

तुमच्या वर्णनात उत्तर आहेच. ते राखाडी पाणी म्हणजे तुमचं सिमेंट. मिश्रण झाल्यावर दाब दिला की पाण्याबरोबर सिमेंटचे बारीक कण निघून जातात आणि साच्यात उरतो सिमेंटने माखलेला कागद. पिळायचं ते सिमेंट घालण्याआधी. सिमेंट पडल्यावर साच्यात फक्त थोपटायचं. साच्याच्या तळातून निघणारं पाणी जवळपास नितळ दिसलं पाहिजे.

बुरशीचंही कारण हेच. ताज्या सिमेंटचा क्षार इतका तीव्र असतो की त्यात बुरशी धरत नाही. तीन आठवड्यांच्या ठोकळ्यावर ठिपके आले याचा अर्थ त्या जागी सिमेंट पोचलं नाही, किंवा पोचलं पण धरलं नाही. न धरण्याची कारणंही तुमच्याकडे दोन-तीन आहेत. खोक्यांच्या पुठ्ठ्यात थर चिकटवायला स्टार्चची खळ असते, आणि स्टार्च व साखर सिमेंटचं जमणं लांबवतात. लगदा पाच दिवस ठेवल्याने तो आंबला, वास त्याचाच. त्यात पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं आणि मुळातच सावकाश ताकद धरणारं सिमेंट. कागदाच्या कामाला ओपीसी ५३ (राख न मिसळलेलं साधं सिमेंट) घ्या.

आता प्रमाण. घमेल्याचं माप सोडा, कारण पिळलेल्या लगद्यात पाणी किती राहिलं हे हातावर अवलंबून असतं. कोरड्या कागदाचं वजन धरा. २०० लिटरच्या एका पिंपाचा हिशोब देतो:

- कोरडा कागद ६ किलो, हाताने फाडून, पाणी १२० लिटर. भिजवणं २४ तास, उन्हाळ्यात त्याहून जास्त नाही.
- भिजवल्याचं पाणी ओतून द्या (खोके असतील तर नक्कीच), तेवढंच ताजं घाला आणि मग घुसळा.
- लगदा जाळीच्या गोणीत भरून पिळा, वजन ३० किलोवर आणा. म्हणजे ६ किलो कागद आणि २४ लिटर पाणी. वजनकाट्यावरच बघा.
- ओपीसी ८ किलो आणि चाळलेली बारीक वाळू ४ किलो आधी कोरडी एकत्र करा, मग लगद्यात घाला. वरून पाणी थेंबभरही नको.

घुसळायला ड्रिलला किंवा एक-दोन एचपीच्या मोटरला बोथट पातं लावा. धारदार पातं कागदाचे तंतू तोडतं, आणि या मालात भेग रोखून धरण्याचं काम तंतूच करतात. चिमूटभर लगदा पेलाभर पाण्यात ढवळून उजेडात धरा. अक्षरं असलेले तुकडे दिसले तर अजून घुसळायला हवा. तुकडा राहिला की त्याच्या आत सिमेंट शिरत नाही आणि तिथेच थर सुटतो.

मिश्रण झालं की मूठ आवळून बघायची. बोटांमधून पाणी टपकू नये आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटू नये. थालीपिठाचं पीठ जसं थापायच्या बेताचं असतं, तसं.

एवढ्या मालात १२ × ८ × ४ इंची पाच ठोकळे बसतात. साच्यातून निघताना एकेक आठ-साडेआठ किलो भरतो, वाळल्यावर चारच्या आसपास. म्हणजे घनता सुमारे ६५० किलो प्रति घनमीटर. साचा बिनतळाचा करा आणि जाळीवर किंवा वाळूवर अंथरलेल्या गोणपाटावर ठेवा. आतून तेलाचा हात फिरवा. आकसणं धरूनच साच्याचं माप घ्या: लांबी-रुंदीत साधारण ४-५ टक्के, उंचीत १० च्या पुढे. पहिले चार ठोकळे पूर्ण वाळवून मोजा, मगच उरलेले साचे बनवून घ्या. वाळूचा पोत, पातं, पिळणारा माणूस, सगळ्याने हा आकडा हलतो.

वाळवणं हे अर्धं काम आहे. पहिले तीन दिवस सावलीत, ओल्या गोणपाटाखाली. लगद्यातच पाणी भरपूर असतं, त्यामुळे काँक्रीटसारखं वरून पाणी मारत बसायची गरज नाही. फक्त वरचा थर आधी सुकता कामा नये. तो आधी आकसला आणि आतला भाग फुगलेला राहिला की तुमची ती लांब भेग पडते. चौथ्या दिवशी ठोकळे आडव्या कडेवर उभे करा, दोन बोटांचं अंतर सोडून, खाली फळ्या किंवा रूळ घालून. जमिनीवर नको, तळ ओला राहतो. आठवड्याने कड बदला. तीन-चार आठवड्यांनी एक ठोकळा रोज वजन करून बघा. चोवीस तासांत वजन एक टक्क्याहून कमी घटलं तर वाळला. नुसत्या हाताला कोरडा लागला म्हणून भिंतीत घालू नका. उरलेलं आकसणं मग भिंतीत होतं आणि गिलाव्यातून भेग बाहेर येते.

हे सगळं तुमच्या भागात ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. जूनमध्ये ओतलेला ठोकळा दिवाळीपर्यंत ओला राहू शकतो. नेटवर जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना, टेक्सासच्या कोरड्या पट्ट्यातले आहेत. ते लोक लगदा न पिळता पातळ खीर ओततात आणि कोरडी हवा पाणी ओढून घेते. तीच कृती आपल्या दमट महिन्यांत केली तर माल वाळतच नाही.

---

कॉलमबीम

वरचं प्रमाण योग्य आहे. मी वजन आणि आधार यांबद्दल लिहितो, कारण मूळ अडचण तिथे आहे.

९ फूट उंच, ४ इंची भिंतीचं दर रनिंग फुटाला (लांबीच्या एका फुटाला) वजन: विटेची सुमारे १६० किलो, कागदी ठोकळ्यांची सुमारे ५५ किलो. दोन्ही बाजूंचा १२ मिमी गिलावा धरला की दोन्हींत आणखी ४० किलो. म्हणजे २०० विरुद्ध ९५. निम्म्याहून कमी होतं, पण स्लॅबच्या दृष्टीने हे वजन शून्य नाही. स्लॅबची जाडी आणि सळईची दिशा बघून स्थानिक इंजिनीअरकडून होकार घ्या. पडदी स्लॅबच्या लहान गाळ्याला (दोन आधारांमधल्या कमी अंतराला) आडवी जाते की समांतर, यावर बरंच ठरतं.

आता एक गोष्ट जी अजून कुणी विचारली नाही. वर पत्रा आहे, म्हणजे तुमच्या पडदीच्या माथ्याला स्लॅबचा किंवा बीमचा आधार नाही. २२ फूट लांब, ९ फूट उंच, ४ इंची भिंत, वरून मोकळी. ती विटेचीही उभी करू नये आणि कागदाचीही नाही. दार आपटलं, शिडी टेकली, भूकंपाचा हलका धक्का बसला, तरी ती सपाट आडवी पडेल. अंबाजोगाईपासून किल्लारी काही फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदं यांनीच माणसं गाडली. वजन कमी करणं म्हणूनच बरोबर आहे. भूकंपात भिंतीवर येणारं बल वजनाच्याच पटीत असतं. पण हलकी भिंत बांधून धरलेली नसेल तर तीही पडते.

म्हणून लोखंडी चौकट करा. ५० × ५० मिमी चौकोनी पाइपचे दोन मधले खांब, साधारण सव्वासात फुटांवर. तळाला १५० × १५० × ६ मिमी प्लेट आणि स्लॅबमध्ये १० मिमीचे चार अँकर. अँकर मारण्याआधी स्लॅबची जाडी तपासा, ड्रिल आरपार जाऊ देऊ नका. माथ्यावर तसाच आडवा पाइप, दोन्ही टोकं बाजूच्या भिंतींत पक्की. साडेचार फुटांवर मधली आडवी पट्टी. चौकट पत्र्याच्या पर्लिनला (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या लोखंडाला) घट्ट जोडू नका. वाऱ्याने पर्लिन वर-खाली होते आणि तो हिसका भिंतीला बसतो. वेल्डिंगनंतर रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर एनॅमल, कारण ओल धरणारा माल लोखंडाला चिकटून राहणार आहे.

ताकदीबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. या ठोकळ्याची दाबताकद साधारण १ ते २ न्यूटन प्रति चौरस मिमी असते. भाजलेल्या विटेच्या आयएस १०७७ या भारतीय मानकात सर्वांत खालचा वर्गच ३.५ चा आहे. शिवाय कागदी ठोकळा विटेसारखा कडकन फुटत नाही, स्पंजासारखा दबत जातो, त्यामुळे प्रयोगशाळेतून मोठा आकडा मिळाला तर तो किती दबल्यावरचा आहे हे विचारा. भार पेलणाऱ्या भिंतीत, जोत्याखाली, न्हाणीघरात, बाहेरच्या भिंतीत हा माल नको. कोकणात तर बाहेर अजिबात नको.

आणि स्पष्टच सांगतो: एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक फुगे असलेले हलक्या काँक्रीटचे ठोकळे) याच वजनाचे, ताकदीला दुप्पट-तिप्पट आणि तयार मिळतात. त्याहून हलकं हवं तर हीच चौकट करून दोन्ही बाजूंना ८ मिमी सिमेंट बोर्ड लावा. ते दर रनिंग फुटाला वीस किलोच्या आसपास बसतं, गिलावाही नाही. कागदी ठोकळा 'पर्यावरणपूरक' म्हणून आपोआप स्वस्त किंवा हिरवा ठरत नाही. वरच्या प्रमाणात घनमीटरला २५५ किलोच्या आसपास सिमेंट लागतं, म्हणजे पाच गोण्यांहून जास्त. विटेच्या बांधकामाच्या मसाल्यात याच्या चौथ्या हिश्श्याइतकं जातं.

---

अंबाजोगाईकर

माथ्याच्या आधाराचं खरंच लक्षात आलं नव्हतं, आभार. चौकट करतो. एएसीचा विचार केला, पण थोड्या मालासाठी इथवरचं भाडं जड जातं, आणि सिमेंट बोर्डाच्या पोकळ भिंतीतून आवाज येतो. पलीकडे मुलांची अभ्यासाची खोली आहे. रद्दी आणि मजुरी घरची असल्याने ठोकळेच करतो.

तीन शंका. (१) दुकानदार म्हणतो कॅल्शियम क्लोराइड टाका, सिमेंट झटपट धरेल. टाकू का? (२) वाळवी आणि आग? त्यासाठी बोरॅक्स मिसळावा असं वाचलं. (३) छताच्या तक्त्यांचं राहिलं.

---

हातकागद

पहिल्या दोन शंकांचं लिहितो.

कॅल्शियम क्लोराइड सिमेंटच्या वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत टाकलं तर कागदातल्या साखरेचा अडथळा खरोखर कमी होतो. पण क्लोराइड लोखंड खातं. तुमची चौकट लोखंडी आहे, म्हणून नको. भिजवल्याचं पहिलं पाणी फेकणं आणि ओपीसी वापरणं एवढ्याने काम होतं.

बोरॅक्स मिश्रणात मुळीच घालू नका. हा सल्ला सगळीकडे दिसतो आणि त्याने घाणेच्या घाणे वाया जातात. बोरेट हे सिमेंटचं जमणं थोपवणारं रसायन आहे; थोडंसं पडलं तरी ठोकळा दिवसेंदिवस मऊ राहतो. ते द्यायचं पूर्ण वाळलेल्या ठोकळ्यावर, वरून. एक लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवा. दोन्ही एकत्र जास्त विरघळतात, वेगवेगळी घेतली तर तळाशी बसतात. ब्रशने किंवा फवाऱ्याने सहाही बाजूंना दोन हात, मधे एक दिवस. पुन्हा आठवडाभर वाळवा. हातमोजे घाला, मुलांपासून आणि गुरांपासून दूर ठेवा. हे पाण्यात धुऊन जाणारं औषध आहे, म्हणून ओल येणाऱ्या जागी त्याचा भरवसा नाही. वाळवीची वाट मुळात भिंतीच्या तळातून आणि लाकडी चौकटीतून असते, ती बंद करणं महत्त्वाचं.

आगीचं नीट समजून घ्या. या मालाला ज्वाळा पकडत नाही, त्यामुळे लोक निश्चिंत राहतात. पण तो धुमसतो. आत ठिणगी शिरली तर बाहेर काही न दिसता तासन्‌तास आतून जळत जातो. सिमेंट जितकं कमी, तितकं धुमसणं जास्त. वाळलेल्या ठोकळ्याच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं गॅसचा टॉर्च धरा, काढा, आणि लाल कड स्वतःहून विझते का ते बघा. तुकडा पत्र्यावर, घराबाहेर, रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा बघा. राख पुढे सरकलेली दिसली तर ते प्रमाण घरात वापरू नका. दोन्ही बाजूंना पूर्ण गिलावा हवाच, पाइपाच्या फटीसुद्धा भरून. वायरिंग कॉन्ड्युइटमधून, बॉक्स धातूचे, भिंतीच्या आत जोड नाही. चूल, गॅसची शेगडी, देवघरातला अखंड दिवा यांच्या मागे ही भिंत नको.

रद्दी निवडण्याबद्दल:

वर्तमानपत्र सगळ्यांत सोयीचं, लवकर सुटतं. वह्या-उत्तरपत्रिकांचा कागद त्याहून चिवट, पण पिना आणि दोरा काढावा लागतो. गुळगुळीत मासिकांच्या कागदात चिकणमाती आणि चुनखडीची भुकटी भरलेली असते, वजन दिसतं पण तंतू कमी, म्हणून पाचव्या हिश्श्याच्या वर नको. खोक्यांचे तंतू लांब आणि मजबूत, वाया घालवू नका. फक्त ते वेगळे भिजवा आणि त्यांचं पाणी दोनदा बदला. चहाचे कागदी कप, दुधाचे टेट्रापॅक, मेणकागद हे बाजूला ठेवा. त्यांच्यावरची प्लास्टिकची पापडी लगद्यात तशीच राहते आणि सिमेंट तिला धरत नाही. एटीएमच्या, दुकानाच्या गुळगुळीत पावत्या तर हातानेही फार चाळू नयेत.

पाण्याचा प्रश्न तुमच्या भागात मोठा आहे, म्हणून एवढंच: खोके भिजवल्याचं पाणी झाडांना चालतं. वर्तमानपत्र पिळल्याचं दुसरं पाणी गाळून पुढच्या पिंपाला घुसळायला दोन-तीनदा वापरता येतं. वास आला की थांबा. सिमेंटच्या साच्याखालचं आणि अवजारं धुतल्याचं पाणी मात्र झाडाच्या बुंध्याला किंवा मोरीत नको. ते तीव्र क्षारयुक्त असतं आणि पाइपात जमून घट्ट होतं. खड्ड्यात मुरू द्या. रबरी हातमोज्यांशिवाय सिमेंटचा लगदा मळू नका, संध्याकाळपर्यंत बोटं सोलवटतात.

---

पत्र्याखाली

छताबद्दल. फरक पडतो, पण तक्त्याआधी करायच्या दोन स्वस्त गोष्टी आहेत. पत्र्याला वरून पांढरा परावर्तक रंग द्या, आणि पत्रा व छत यांच्यामधली गरम हवा जाईल अशी वाट ठेवा. निदान सहा इंचांची पोकळी, आणि तिच्या दोन विरुद्ध टोकांना उंचावर जाळीचे झरोके. झरोके नसतील तर ती पोकळीच भट्टी होते आणि छत रात्रभर खाली उष्णता सोडत राहतं.

तक्त्याचं प्रमाण ठोकळ्यापेक्षा वेगळं: कोरडा कागद ६ किलो, ओपीसी ६ किलो, वाळू नाही. लगदा तसाच ३० किलोवर पिळलेला. ग्रिडच्या (टांगलेल्या छताच्या पट्ट्यांच्या चौकटीच्या) ६०० × ६०० मिमीच्या घरात बसवायचा तक्ता वाळल्यावर ५९५ मिमी हवा, म्हणून चौकट ६२० च्या आसपास, जाडी ओली ३० मिमी म्हणजे वाळून २५ राहते. अर्धा माल पसरा, त्यावर सिमेंटच्या पाण्यात बुडवलेलं विरळ गोणपाट ताणून टाका, वर उरलेला अर्धा. लाकडी रुळाने सारखा करा. गोणपाट मधोमध राहिलं पाहिजे. एका अंगाला सरकलं की तक्ता वाळताना वाकतो.

वाकणं हीच तक्त्यांची मुख्य खोड आहे. जी बाजू आधी सुकते ती आकसते आणि कडा वर येतात. पहिले तीन दिवस झाकून, नंतर दोन ताणलेल्या जाळ्यांच्या मधे, जमिनीपासून वर, रोज एकदा उलटून. थोडा वाकला असेल तर खोलगट बाजूवर पाण्याचा शिंतोडा मारून वजनाखाली दोन दिवस ठेवला की बराचसा सरळ होतो. पूर्ण वाळल्यावर नाही होत.

एक तक्ता पाच किलोच्या आसपास भरतो. बाजारातल्या खनिज तंतूच्या टाइलच्या दोन-तीन पट, म्हणून नेहमीच्या अंतरावर हँगर (ग्रिड वरून टांगणाऱ्या तारा) पुरणार नाहीत. दर दोन फुटांवर हँगर, आणि हँगर पर्लिनला, पत्र्याला नाही. बसवण्याआधी प्रत्येक तक्ता दोन कडांवर टेकवून मधे दहा किलोची गोणी तासभर ठेवा. वाकून राहिला किंवा तडकला तर बाजूला काढा.

आता ज्यामुळे मी लोकांना थांबवतो ते. हा तक्ता स्वतःच्या वजनाएवढं पाणी आरामात पितो. पत्र्याचा एक जे-हूक (पत्रा पर्लिनला धरणारा वाकडा हुक) गळत असेल तर पाच किलोचा तक्ता दहा किलोचा होतो, मऊ पडतो आणि खाली येतो. खाली मुलं बसणार आहेत. त्यामुळे आधी प्रत्येक हुकाचा वॉशर बदला, डांबरी किंवा रबरी, आणि एक पूर्ण पावसाळा पत्रा कोरडा राहतो हे बघा, मगच छत लावा. तेही गळतीचा डाग खालून दिसेल असं, म्हणजे खालच्या बाजूला ऑइलपेंट नाही, नुसता चुना. पत्र्याच्या आतल्या बाजूला पहाटे दव धरतं ते झरोक्यांनी सुकतं, झरोक्यांचं हे दुसरं काम.

वायरी छतावर मोकळ्या टाकू नका, आणि दिव्याची खाच तक्त्यात न कापता त्या घरात सिमेंट बोर्डाचा चौकोन बसवा. स्लॅबवरच्या कोब्याखाली हा माल घालावा का, असंही काही जण विचारतात. नाही. तिथे पाणी शिरलं की बाहेर पडायला वाट नाही, आणि ओला कागद उष्णता अडवतही नाही.

---

अंबाजोगाईकर

म्हणजे या हिवाळ्यात पडदी आणि छत पुढच्या वर्षी. मालाचा अंदाज कुणी तपासून द्याल का? आणि बांधताना, गिलाव्याला काय सांभाळायचं? पलंगाच्या डोक्याशी पुस्तकांची फळी ठोकायची आहे.

---

रद्दी_ते_वीट

२२ × ९ फुटांच्या भिंतीला सांधे धरून २७५ च्या आसपास ठोकळे लागतात, तुटफूट धरून ३१० करा. दार वजा केलंत तर तेवढे शिल्लक राहतील, ते ठेवा, दुरुस्तीला लागतात. ३१० म्हणजे ६२ पिंपं: कोरडा कागद ३७५ किलो, सिमेंट दहा गोण्या, वाळू २५० किलो. गिलावा आणि सांध्यांचा मसाला वेगळा. तुमच्याकडच्या दरांनी गुणून बघा आणि एएसीच्या भाड्यासकटच्या दराशी एकदा ताडून घ्या.

सगळ्यांत खाली ठोकळा नाही. स्लॅबवर ४ इंच उंच काँक्रीटचा पट्टा ओता, १:२:४ चा (सिमेंट, वाळू, खडी). फरशी पुसायचं पाणी कागदाला लागता कामा नये. हा माल पाणी वातीसारखं वर ओढतो.

सांध्याला १:४ चा कडक मसाला वापरू नका. सांधा ठोकळ्यापेक्षा कडक झाला तर भेग ठोकळ्यातून जाते. सिमेंट, चुना, वाळू १:१:६, सांधा १० मिमी. ठोकळा पाण्यात बुडवायचा नाही, जिथे मसाला लागणार त्या तोंडावर ब्रशने ओलावा द्यायचा. एका दिवसात चार फुटांच्या वर चढू नका. दर तिसऱ्या थराला जस्तलेपित पट्टी पाइपाला स्क्रूने बांधून सांध्यात दाबा. कापायला सुताराची जुनी करवत चालते, नाकाला फडकं बांधा, धूळ फार बारीक असते.

पावसाळ्यात ही भिंत थोडी फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून माथ्याच्या पाइपाखाली आणि दोन्ही टोकांना १२-१५ मिमी फट ठेवा, ती फोमच्या दोरीने आणि रंगवता येईल अशा सीलंटने भरा. सिमेंटने ठासून बंद केली तर पहिल्याच पावसाळ्यात गिलावा फुगून येईल. (धुमसण्याच्या कारणाने फटही उघडी नको, वर सांगितलंय तेच.)

गिलाव्याआधी भिंत महिनाभर तशीच ठेवा. मग पूर्ण भिंतीवर चिकनमेश, पाइपाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच दुहेरी. खिळे इथे धरत नाहीत, म्हणून जाळी दोन्ही बाजूंची तारेने आरपार बांधा. पाण्याचा हलका शिंतोडा, त्यावर सिमेंटच्या पाण्याचा पातळ हात, तो ओला असतानाच १:१:६ चा १२ मिमी गिलावा. कोरड्या ठोकळ्यावर थेट थापलात तर तो गिलाव्यातलं पाणी ओढून घेतो आणि दोन दिवसांत ठोकून बघाल तिथे पोकळ आवाज येतो. गिलाव्यावर सात दिवस शिंतोडा, नळी धरून भिजवणं नाही. रंग चुन्याचा, म्हणजे आत राहिलेली ओल बाहेर पडते.

फळीचं आत्ताच ठरवा. ठोकळ्यात प्लग टाकून स्क्रू पिळला तर सुरुवातीला घट्ट वाटतो, पुस्तकांचं वजन आलं की महिन्याभरात बाहेर येतो. जिथे फळी येणार त्या उंचीवर चौकटीत आणखी एक आडवा पाइप वेल्ड करून घ्या आणि ब्रॅकेट त्याला बोल्ट करा. दाराची चौकट पण खांबाच्या पाइपालाच, होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरणारी लोखंडी पट्टी) ठोकळ्यात नको. पाइपाच्या उंचीची खूण गिलाव्याच्या आधी बाजूच्या पक्क्या भिंतीवर करून ठेवा, नंतर सापडत नाही.

---

कॉलमबीम

आडवा पाइप फळीसाठी वाढवलात तर मधली साडेचार फुटांची पट्टी त्याच उंचीवर सरकवा, वेगळा पाइप लागणार नाही. चार ते पाच फुटांच्या दरम्यान कुठेही चालेल. पाइपच्या उघड्या तोंडांवर पत्र्याची टोपी वेल्ड करा, आत ओल गेली तर गंज आतून धरतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसत राहतो.